चाचांनी फेकलेलं विमान

चाचांनी मला खोली दिली ती माझी उशी उसवून.

अगदी खरं सांगते. मी वलगावहून अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला आले, वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून कोणीतरी पत्ता दिला आणि बाबा मला घेऊन या घराच्या दारात उभे राहिले. ट्रंक, गादी, उशी असा माझा संसार ऑटोतून खाली उतरला. दारात एक उंच, वाळका म्हातारा. आभाळातून आग बरसत होती आणि या माणसाच्या अंगात काळं जाड जाकीट! त्यानं आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सरळ माझी उशी उचलली, खिशातून छोटी कात्री काढली आणि कोपऱ्याची शिवण कचकन उसवली.

"अहो, काय करून राहिले तुमी?" मी ओरडलेच. बाबांनी डोळे वटारले माझ्यावर.

म्हाताऱ्यानं दोन बोटं आत घालून कापसाचा पुंजका ओढला. दोन्ही अंगठ्यांत धरून तोडला, जोडला, परत तोडला, धागे सरळ करून जाकिटाच्या काळ्या छातीवर लावले आणि मान खाली घालून पाहिलं. काळ्यावर पांढरं स्वच्छ दिसतं. जाकीट कशासाठी ते मला तेव्हा कळलं.

"घरचा कापूस आहे. लांब धागा," तो म्हणाला. "राहू द्या पोरीले."

आतून चाची सुई-दोरा घेऊन बाहेर आली. तिनं सुई आधीच ओवून ठेवली होती. "हर नई लड़की के साथ यही है," ती माझ्याजवळ बसत म्हणाली, "मेरी तो उमर तकिये सीने में गई."

चाचा तीस-बत्तीस वर्षं अकोटच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाड्यांची रांग लागायची, चाचा गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस ओढायचे, बघायचे आणि प्रतीची चिठ्ठी फाडून शेतकऱ्याच्या हातात द्यायचे. त्या चिठ्ठीवर त्या घराचं वर्ष अवलंबून. लोक हात जोडायचे, "साहेब, एक डाव परत पाहा ना." चाचांचं उत्तर ठरलेलं, "माझा हात दोनदा पाह्यत नाही." आणि हे ते आम्हाला अभिमानानं सांगायचे बरं का! एका संध्याकाळी पाच-पाच वेळा. बत्तीस वर्षांत एक चिठ्ठी बदलली नाही, कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. लाच खाणाऱ्यांच्या त्या जगात हे खरंच मोठं होतं, मी नाही म्हणत नाही. पण माझे बाबा असल्याच एखाद्या केंद्रावरून हलक्या प्रतीची चिठ्ठी घेऊन घरी यायचे आणि दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत, हेही मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे चाचा छाती काढून ते वाक्य म्हणाले की मी उठून माठातलं पाणी प्यायला जायची.

मग ते केंद्र बंद पडलं. वाईट वर्षं होती ती. जिनिंगच्या शेडना कुलपं लागली, रोजचं वर्तमानपत्र हातात घ्यायला भीती वाटायची, गळ्यात कॅमेरे अडकवलेले शहरी लोक गावोगाव हिंडायचे. चाचा अकोटहून दोनच गोष्टी घेऊन अकोल्याला आले, हे जाकीट आणि केंद्रावर बसायचं घडीचं लाकडी स्टूल. कापूस गेला, पण प्रत लावायची खोड काही जाईना. भाजीवाला, दूधवाला, आमचे प्राध्यापक, सगळ्यांना प्रत. रेडिओवर एखादा पुढारी बोलू लागला की दोन मिनिटं कान लावून ऐकायचे आणि "सरकी जास्त, रुई कमी", म्हणजे बीच जास्त आणि कापूस कमी, असं म्हणून खटकन बंद करायचे. माझ्या एका वर्गमित्राला त्यांनी फाटकातूनच पाहिलं आणि म्हणाले, "आखूड धागा. सूत निघनार नाही." आता काय सांगू, नाहीच निघालं!

आणि ते स्टूल! चाचीचं नाव रेशन कार्डावर चढत नव्हतं. कचेरीत दर वेळी 'उद्या या'. चाचांनी चौथ्या दिवशी स्टूल काखेत मारलं, डबा घेतला आणि साहेबाच्या दारासमोर जाऊन बसले. ओरडणं नाही, अर्ज नाही, भांडण नाही. साहेब आत जाताना "सलाम साहेब, झालं काय?" साहेब बाहेर येताना "सलाम साहेब, झालं काय?" जेवायच्या वेळी डबा उघडून शिपायालाही एक भाकर. असं बसल्याच्या तिसऱ्या दिवशी साहेबानं स्वतः कार्ड आणून हातात दिलं. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला लाज नाही वाटली?" तर माझ्याकडे बघत म्हणाले, "लाज त्यायले वाटली, म्हनून तर काम झालं."

तर अशा माणसाच्या हातात आमचं टपाल होतं.

त्या काळी आमच्यापैकी कोणाचाच स्वतःचा ई-मेल नव्हता. कॉलेजचे अर्ज, परीक्षांचे निकाल यांना ई-मेल मागायला लागले तेव्हा चाचांनी बस स्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन स्वतःच्या नावानं एक पत्ता उघडून घेतला आणि जाहीर केलं, "एका घराले एकच पेटी. दाराले काय चार पेट्या असतात?" झालं! आम्ही चारही भाडेकरू मुली तोच पत्ता देऊ लागलो. पुढं गल्लीतले लोकही देऊ लागले. पण ती फुकटातली पेटी लहान होती. भरली की नवं पत्र आत येत नसे, आल्या पावली पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की चाचा कॅफेत जाऊन पेटी साफ करत. त्यांची पद्धत केंद्रावरचीच. खिशात एक पुठ्ठा, त्यावर ओळखीच्या पाठवणाऱ्यांची यादी. यादीतलं असेल तर ठेवायचं, बाकी सगळं पत्ती-कचरा. नुसतं फेकून थांबायचे नाहीत, कचऱ्याची टोपलीही रिकामी करायचे. "कचरा बाजूले ठेवला तर वाऱ्यानं परत मालात येते," हे त्यांचं शास्त्र.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागून आठ-नऊ महिने झाले होते. नोकरीचे अर्ज करून करून मी थकले होते. आमच्याकडची बियाण्यांची दुकानंसुद्धा माणसं कमी करत होती, मला कोण घेणार? बाबांनी एक स्थळ पाहून ठेवलं होतं, पाहुणे येऊन गेले होते, पसंतीही कळवली होती. अशात कोइमतूरच्या एका मोठ्या गिरणीचं बोलावणं आलं. त्यांच्या कापूस तपासायच्या प्रयोगशाळेत एकच जागा, मुलाखत सोमवारी सकाळी, विमानाचं तिकीट त्यांचंच. चाचांच्या घरच्या फोनवर गुरुवारी त्यांच्या माणसानं कळवलं की रविवारी दुपारी दोनला नागपूरहून मुंबई, तिथून पुढं. तिकीट त्यांचा एजंट शुक्रवारी मेल करणार होता, ते छापून आणायचं, छापील कागदाशिवाय विमानतळाच्या दारातून आत सोडत नाहीत.

मी कपडे आणि प्रमाणपत्रं आणायला वलगावला गेले. बाबा म्हणाले, "जाऊन ये. पन सोमवारचं नाही जमलं तर मी पाहुण्यायले हो म्हनतो." त्यांचंही काय चुकलं होतं? मी हो म्हटलं आणि शनिवारी सकाळच्या बसनं अकोल्याला आले.

थेट कॅफेत गेले. पेटी उघडली. आत काही नाही. पुन्हा उघडली. काही नाही. टोपली पाहिली, तीही झाडूनपुसून लख्ख.

घरी येऊन मी जे रडायला सुरुवात केली! चाचा मात्र जाकिटाची बटणं लावत उठले. "रडून राहिली कावून? त्यायनं पाठवलंच नसन. चाल." घरच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे, म्हणून एसटीडी बूथवरून गिरणीत फोन लावला. शनिवार, कचेरी बंद, पहारेकऱ्याला आमची भाषा येईना आणि आम्हाला त्याची. मग विमान कंपनीचा फोन. तिथं आधी गाणं वाजलं. चाचा रिसीव्हर कानाला लावून ताठ उभे. गाणं संपलं, परत तेच लागलं. बूथवाला म्हणाला, "चाचा, ठेवून द्या आता." चाचा म्हणाले, "आपन कंटाळून ठेवावं म्हनूनच वाजवून राहिले ते. नाही ठेवत." शेवटी एक मुलगी बोलली. तिला बुकिंगचा नंबर हवा होता. नंबर त्या मेलमध्ये. मेल नाही. "मग मेल शोधा सर," असं गोड बोलून तिनं फोन ठेवला.

आम्ही परत कॅफेत. चाचांनी दुकानदाराला खडसावलं, "तुहं मशीन खराब आहे. पोरीचं पत्र गिळलं त्यानं."

दुकानदार बिचारा हळूच म्हणाला, "चाचा, मशीनचं काय? काल तुमीच होते ना बसलेले. मले दाखवलं तुमी हसत, पाह्य, हे फुकटात विमानात बसवून राहिले म्हनून."

चाचांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, त्या कागदावर विमानाचं चित्र असते काय?"

"असते."

त्यांनी जाकिटाच्या खिशातला पुठ्ठा काढला, यादीवरून बोट फिरवलं. यादीत गिरणीचं नाव होतं, त्या एजंटचं असायचं कारणच नव्हतं. "काल मी एक विमान फेकलं," चाचा म्हणाले. "मले वाटलं जाहिरात आहे."

मला आत्ता हे लिहिताना त्यांचा चेहरा दिसतो आणि माझीच जीभ कापून टाकावीशी वाटते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त ते पाहुणे होते. भर दुकानात मी ओरडले, "तुमी आत काय लिहिलंय ते पाहतच नाही! नुसतं कोनाची गाडी आहे ते पाहून फेकता! किती लोकायचा चांगला माल असाच फेकला असन तुमी बत्तीस वर्षं!"

दुकानदारानं मान खाली घातली. चाचांनी काळ्या जाकिटावर काही चिकटल्यासारखं करून दोनदा झटकलं आणि ते घराकडे चालू लागले. मी मागं मागं, नाक ओढत. घरी पोचल्यावर त्यांनी चाचीला एवढंच सांगितलं, "सकाळच्या गाडीचा डबा बांध. दोघायचा." आणि कोपऱ्यातलं स्टूल काढून फडक्यानं पुसलं.

रविवारी पहाटेची गाडी धरून आम्ही नागपूरला निघालो. गाडीत मी विचारलं, "कागद नाही, नंबर नाही, जाऊन करायचं काय?" अख्ख्या रस्त्यात ते तेवढंच बोलले, पण ते मी आजही विसरले नाही. म्हणाले, "केंद्रावर शेतकऱ्याची चिठ्ठी हरवायची. तो डोकं धरून बसायचा. अरे, चिठ्ठी हरवली म्हनून गाडी हरवते काय? गाडी तं आवारातच उभी आहे. तुहं तिकीट त्या पत्रात नव्हतं पोरी, ते त्यायच्या वहीत आहे. आपन वहीपाशी चाललो."

विमानतळाच्या दाराबाहेरच कंपनीची तिकीट खिडकी होती. आत टाय लावलेला तरुण. मी सगळं सांगितलं. "पीएनआर नंबर?" तो म्हणाला. चाचा म्हणाले, "नंबर असता तं तुमच्या तोंडाकडे कायले पाह्यलं असतं?" त्यानं नियम सांगितला, नंबराशिवाय प्रवाशाची माहिती देता येत नाही.

"बरोबर आहे तुमचं," चाचा म्हणाले. "माहिती देऊच नका." आणि खिडकीसमोर, पण रांगेला अडथळा नको म्हणून हातभर बाजूला, स्टूल उघडून बसले.

मग सुरू झालं ते. गिऱ्हाईक आलं की, "या साहेब, तुमी घ्या पह्यले. आमाले दोनपर्यंत टाइम आहे." गिऱ्हाईक गेलं की खिडकीत बघून, "सलाम साहेब, झालं काय?" दारावरचा जवान येऊन म्हणाला, "बाबा, यहाँ बैठना मना है." चाचा म्हणाले, "आपकी कुर्सी पे तो नहीं बैठा मैं. अपनी लाया." जवानाला हसू आलं, तो परत दारापाशी गेला. अकरा वाजले, बारा वाजले. चाचांनी डबा उघडला आणि खिडकीच्या फटीतून त्या टायवाल्याला भाकर-ठेचा सरकवला. "सकाळपासून पाह्यतो, काही खाल्लं नाही तुमी."

तो पोरगा अवघडला. "अंकल, मेरे हाथ में नहीं है."

तेव्हा चाचा उठले. त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि खिडकीच्या कडेवर ठेवून, आपल्या त्या जुन्या चिठ्ठीच्या वळणदार अक्षरात लिहिलं. मी शेजारूनच वाचलं. 'या मुलीचे तिकीट आले होते. मी न वाचता कचरा समजून फेकले. चूक माझी आहे, मुलीची नाही.' खाली सही, सहीखाली 'निवृत्त ग्रेडर'.

"सर, इसका मैं क्या करूँ?" तो गोंधळून म्हणाला.

"फायलीले लावा," चाचा म्हणाले. "आन तुमी काही सांगू नका. पोरगी तिचं नाव सांगन, गिरणीचं नाव सांगन, कुठं जाते ते सांगन, विद्यापीठाचं फोटोवालं कार्ड दाखवन. तुमी फक्त तुमच्या वहीत पाहा. नसलं तं मी स्टूल उचलतो. पन एक डाव पाहा ना, साहेब."

एक डाव पाहा ना, साहेब. चाचांच्या तोंडून हे वाक्य! मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

तो कागद घेऊन आत गेला. आतून एक वयस्क बाई आल्या, चष्म्यातून चाचांकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग माझ्या कार्डाकडे. चार प्रश्न विचारले. खटखट खटखट केलं आणि छापायचं यंत्र करकरायला लागलं. नागपूर-मुंबई-कोइमतूर. माझं नाव. एक वाजायला दहा मिनिटं होती.

चाचांनी कागद आधी स्वतः घेतला. ओळीवर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचला, मग माझ्या हातात दिला. मला मिठीच मारावीशी वाटत होती, पण आमच्यात तसं काही नसतं. दारापर्यंत आलो. जवानानं कागद पाहिला. मी वळून म्हणाले, "चाचा, काल मी जे बोलले ना..."

"आत हो," ते म्हणाले. "मागं लोक उभे आहेत."

नोकरी मला मिळाली. प्रयोगशाळेत यंत्र आहे, कापूस घातला की धाग्याची लांबी, ताकद सगळं आकड्यांत सांगतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "उशी उसवता येते काय त्याले?" त्यांनी उरलेल्या तिन्ही मुलींना आपापला पत्ता उघडायला लावला होता, गल्लीलाही सांगून टाकलं होतं, आता ज्याची त्याची पेटी ज्यानं त्यानं पाहा. मी मात्र त्यांच्या पेटीवरच मेल करायची. सुरुवातीची पोचली. मग एकेक परत यायला लागली, पेटी भरलेली आहे म्हणून. मी फोनवर चिडायची, "चाचा, साफ करा ना ती!" ते म्हणायचे, "करतो, करतो." महिने गेले, वर्षं गेली, पत्रं परतच येत राहिली. मला वाटायचं, म्हातारा त्या दिवसाचा राग धरून बसलाय. माझं पत्र नकोच असेल त्याला.

चार वर्षांनी ईदला अकोल्याला गेले. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. जाकीट तेच, स्टूल तेच. शिरखुर्मा झाल्यावर मी त्यांना हाताला धरून कॅफेत नेलं. दुकानदारानं उठून खुर्ची दिली. चाचा स्टुलावरच बसले. मी पेटी उघडली आणि बघतच राहिले.

एकही पत्र फेकलेलं नव्हतं. त्या शनिवारनंतर आलेलं सगळं जागच्या जागी. केसांची तेलं, घरबसल्या पदव्या, परदेशातल्या कुठल्या तरी राजाच्या विधवेची आर्जवं, सगळं. पेटी काठोकाठ भरली आणि माझी पत्रं बाहेरून परत गेली. दुकानदार म्हणाला, "दर शुक्रवारी यायचे ताई. उघडायचे, पाह्यत बसायचे, आन तसंच बंद करून जायचे."

मी म्हणाले, "चाचा, त्या दिवशी मी चुकीचं बोलले हो."

"बरोबर बोलली तू," चाचा म्हणाले. "मी हिशेब केला मंग. दर गाडी दोनदा पाह्यली असती तं दिवसाचा किती टाइम गेला असता? तासभर. नुसता तासभर पोरी." मग स्टूल पडद्याजवळ ओढून म्हणाले, "मले आता दिसत नाही. तू वाच. मी सांगतो."

मी वाचू लागले. विधवा राणीवर ते बराच वेळ अडले, "तिले खरंच कोनी नाही काय?" म्हणून. मी शपथेवर सांगितलं की ती लबाड आहे, तेव्हा फेकू दिली. तेल फेकलं, पदव्या फेकल्या. दुकानदारानं आम्हाला दोनदा चहा दिला. मग एक जाहिरात आली. स्वस्तात सिंगापूर, चार दिवस.

"चित्र आहे काय त्याच्यावर?" चाचांनी विचारलं.

"आहे. विमानाचं."

मी विचारलं, "फेकू?"

"थांब," ते म्हणाले. "परत एकदा वाच."

मी परत वाचलं. पहिल्या ओळीपासून, कोणी पाठवलं, कोणासाठी पाठवलं, सगळं.